मलिक अंबर : मोल देऊन घेतलेला मनुष्य

ज्या शहरास आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेथे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे जाणे-येणे आहे. कोणी बाजारासाठी जातो, कोणी कचेरीच्या कामासाठी, कोणी आजाऱ्यास घेऊन दवाखान्यात जातो. भडकल दरवाजाजवळून जाताना तो कोणी बांधिला हे विचारण्यास फारसा कोणास अवकाश नसतो. तो दरवाजा, जुन्या वस्तीखालून गेलेली पाण्याची नहर, आणि मुळात हे शहरच ज्याने वसविले, तो मनुष्य लहानपणी गुराढोरांप्रमाणे बाजारात विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर. त्याच्या मरणास आता चार शतके होत आली. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो. मनुष्याची किंमत कोण ठरवितो, ती कशी वाढते, कशी घटते, आणि एकदा लागलेला गुलामगिरीचा डाग किती खोल जातो, हे त्यावरून चांगले समजते.

अंबराचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिका खंडातील हबश देशात, म्हणजे हल्ली ज्यास इथिओपिया म्हणतात त्या देशात, झाला. आईबापांनी त्याचे नाव चापू असे ठेविले होते. त्या काळी हबशच्या डोंगराळ भागात ख्रिस्ती राजांचे राज्य होते, व किनाऱ्याच्या बाजूस मुसलमान सरदारांची ठाणी होती. दोघांमध्ये युद्धे चालत, आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्या गरीब जमातींची मुले धरून नेण्यात येत. हिंदुस्थानच्या सुती कापडास त्या देशात फार मागणी होती. त्या कापडाच्या मोबदल्यात सोने व हस्तिदंत येई, त्याप्रमाणे माणसेही येत. म्हणजे आमच्या देशच्या मागावर विणलेल्या वस्त्रासाठी दूरच्या देशातील आईचे मूल विकले जात असे. हा व्यापार मुसलमान करीत आणि ख्रिस्ती म्हणविणारेही करीत. ह्यात कोणा एका धर्माच्या लोकांस दोष देऊन इतरांस मोकळे होता येत नाही.

चापू ह्यास तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात सुमारे २० सोन्याच्या नाण्यांस विकण्यात आले, असे एका डच व्यापाऱ्याने पुढे लिहून ठेविले. तेथून तो बगदादेस गेला व मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याच्या हाती आला. ह्या धन्याने मुलाची हुशारी पाहून त्यास लिहिणे-वाचणे शिकविले, हिशेब व कारभार शिकविला, मुसलमान केले, आणि अंबर हे नाव दिले. अंबर हे एका मोलवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. गुलामांस अशीच नावे देत. कोणी याकूत म्हणजे माणिक, कोणी काफूर म्हणजे कापूर, कोणी संदल म्हणजे चंदन. नाव ऐकण्यास गोड असे, परंतु ते वस्तूचे नाव होते. बापाने ठेविलेले नाव पुसून त्या ठिकाणी दुकानातील मालाचे नाव घालावे, ह्याहून मनुष्याची अवस्था स्पष्ट करणारी खूण दुसरी कोणती पाहिजे?

ह्यानंतर त्यास दक्षिणेत आणण्यात आले. तेव्हा अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, निजामशाहीची राजधानी होती. तेथील पेशवा चंगीजखान हा स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता. त्याने सुमारे १००० हबशी विकत घेऊन पदरी ठेविले होते, त्यांत अंबरही होता.

येथे आमचे वाचक विचारतील की, दक्षिणेत माणसांचा तुटवडा नसता एवढा पैसा खर्चून समुद्रापलीकडची माणसे कशासाठी आणीत? ह्याचे उत्तर गावात राहणाऱ्यास सहज समजेल. आमच्या गावगाड्यात प्रत्येकाचे स्थान वतनावरून व भाऊबंदांवरून ठरत असे. पाटलास पाटीलकीचे वतन, कुळकर्ण्यास लेखणीचे, सुताराला व लोहाराला बलुत्याचे. जे गावकुसाबाहेर राहत त्यांचाही गावाशी संबंध, मग तो कितीही अन्यायाचा असो, ठरलेला असे. गुलामास मात्र ह्यांतील काहीच नव्हते. त्यास गाव नाही, शेत नाही, सोयरे नाहीत, त्याच्या बाजूने बोलणारा चुलता अथवा मामा नाही. धनी हाच त्याचा सर्व आधार. दरबारात इराणाकडून आलेले सरदार आणि येथील दक्षिणी सरदार ह्यांच्यात वैर चालू असता, ज्याच्या मागे कोणी नाही असा शूर मनुष्य धन्यास सर्वांत विश्वासू वाटे. त्याच्या निराधारपणालाच बाजारात मोल होते.

मनुष्यास मालमत्ता मानण्याची चाल जगात सर्वत्र होती, परंतु तिच्या तऱ्हा निरनिराळ्या होत्या. सुमारे १००० वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तरेकडील नॉर्वे व डेन्मार्क ह्या देशांत व्हायकिंग नावाचे दर्यावर्दी लोक राहत. ते लांब नावांतून परमुलखावर छापे घालीत व पुरुष, बायका, मुले धरून नेऊन विकीत. त्यांच्या समाजात सरदार, स्वतंत्र शेतकरी व गुलाम अशा पायऱ्या होत्या. गुलामास धन्याने मुक्त केले तरी तो स्वतंत्र जन्मलेल्या मनुष्याच्या बरोबरीचा होत नसे. नॉर्वेच्या जुन्या कायद्यात असे आहे की, मुक्त झालेल्याने ठराविक मापाच्या धान्याचे मद्य करून व मेंढा कापून सुटकेची मेजवानी द्यावी, तेव्हा ती सुटका पुरी समजावी. तरीही त्यास कोणी जखम केली असता मिळणारी भरपाई स्वतंत्र मनुष्याच्या भरपाईहून कमी असे. तेथे मनुष्याचा दर्जा पैशाच्या आकड्यात उघडपणे लिहिलेला होता.

दक्षिणेत तसे नव्हते. येथे लढवय्या गुलाम धनी मेल्यावर बहुधा मोकळा होई, स्वार होई, आणि अंगी कर्तृत्व असल्यास सरदारही होई. ह्यामुळे काही लोक म्हणतात की, येथील गुलामगिरी सौम्य होती. आम्ही वाचकांस एवढेच सांगतो की, अंबराचे चरित्र शेवटपर्यंत वाचावे आणि मग त्या सौम्यपणाविषयी मत करावे.

चंगीजखान सुमारे १५७४-७५ साली मरण पावला. त्याच्या विधवेने अंबरास मुक्त केले असे सांगतात. अंबराने लग्न केले व तो नोकरीच्या शोधात निघाला. तेव्हा त्याचे वय पंचविशीच्या पुढे होते. तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला, आणि तेथे त्यास मलिक हा किताब मिळाला. परंतु तेथे त्याचे मन रमले नाही. सुमारे १५९५ साली तो अहमदनगरास परतला व अभंगखान नावाच्या हबशी सरदाराच्या हाताखाली राहिला. त्याच्याबरोबर अवघे सुमारे १५० स्वार होते. वयाची जवळजवळ पन्नास वर्षे सरत आली होती. ज्या वयात शेतकरी कुऱ्हाडी-नांगर मुलाच्या हाती देऊन ओसरीवर बसू पाहतो, त्या वयात ह्या मनुष्याच्या खऱ्या कामगिरीस आरंभ झाला.

तो काळ निजामशाहीच्या नाशाचा होता. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. चांदबिबीने १५९५-९६ साली अहमदनगरचा किल्ला शौर्याने राखिला, पण १६०० साली तो पडला, आणि बालराजा बहादूर निजामशहा ह्यास कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, सरदार ज्याला जिकडे वाट सापडली तिकडे गेले. अशा वेळी मलिक अंबराने निजामशाही घराण्यातील एक तरुण पुरुष शोधून त्यास परांडे येथे मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले, त्यास आपली मुलगी दिली, आणि राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. बाजारात विकलेला मुलगा आता राजाचा सासरा व राज्याचा पेशवा झाला होता.

अंबरास सुखाने राज्य करिता आले असे कोणी समजू नये. मोगल समोर होते, विजापूरकर बाजूस होते, आणि घरात राजू दक्षिणी नावाचा प्रतिस्पर्धी अर्धा मुलूख बळकावून बसला होता. १६०२ साली नांदेडकडे मोगलांशी झालेल्या लढाईत अंबर जबर जखमी झाला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्यास उचलून रणातून नेले म्हणून तो वाचला. काही वर्षांनी त्याने राजूचा मोड केला, राजधानी जुन्नरास नेली, आणि १६१० साली अहमदनगरचा किल्लाही मोगलांपासून परत घेतला.

हे त्यास कशाच्या बळावर साधले? मोगलांजवळ तोफा, हत्ती व खजिना अपार होता. अंबराने ओळखिले की, उघड मैदानात त्यांच्यापुढे आपला टिकाव लागणार नाही. परंतु ह्या डोंगरांच्या घाटवाटा, ओढे व चाऱ्याच्या जागा ज्यांस ठाऊक आहेत, असे मराठे शिलेदार व बारगीर आपल्याजवळ आहेत. त्याने त्यांस हलक्या घोड्यांवर बसवून शत्रूची रसद तोडावी, रात्री छापे घालावे, दिवसा नाहीसे व्हावे, अशी रीत चालविली. त्याच्या काळी येथे आलेल्या एका इंग्रज प्रवाशाने अंबराच्या फौजेत त्याच्या जातीचे सुमारे १०,००० हबशी व सुमारे ४०,००० दक्षिणी लोक असल्याचे लिहिले आहे. मालोजीराजे भोसले व त्यांचे पुत्र शहाजीराजे ह्यांचे घराणे ह्याच निजामशाहीच्या सेवेत वाढले. गनिमी काव्याची ही रीत पुढे शिवाजी महाराजांच्या काळी किती फळास आली हे आमच्या वाचकांस सांगणे नको.

१६१० साली अंबराने दौलताबादेजवळच्या खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसविले. १६१२ साली मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून त्याने भडकल दरवाजा बांधिला. पण त्याचे मोठे काम जमिनीच्या वर नसून जमिनीच्या खाली आहे. खडकीजवळची खाम नदी एवढ्या वस्तीस पुरणारी नव्हती. तेव्हा त्याने शहराच्या उत्तरेकडील उंच भागात जमिनीत मुरणारे पाणी भुयारे खणून एकत्र केले, आणि ते उताराने, मोट अथवा रहाट न लाविता, शहरात आणिले. त्या नहरीवर अंतराअंतराने उभी विवरे ठेविली, म्हणजे हवा खेळावी व आत उतरून गाळ काढिता यावा. तेथून नळ्यांनी पाणी हौदांत खेळविले. हीस नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणी झाकलेले असल्यामुळे ते उन्हाने आटत नसे व शत्रूस सहज तोडिता येत नसे. त्याच्या मागून शहरात आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची नहर त्यांतलीच होय, परंतु वाट ह्याने दाखविली. शेकडो वर्षे शहराने हे पाणी प्याले. मराठवाड्यात उन्हाळ्यात एका घागरीसाठी किती चालावे लागते हे ज्या आयाबहिणी जाणतात, त्यांस ह्या कामाची थोरवी आमच्या शब्दांवाचून कळेल.

दुसरे काम साऱ्याच्या बाबतीत. त्याच्या पूर्वी गावाचा सारा मक्त्याने देत. ज्याने सरकारात अधिक रक्कम कबूल केली त्यास गाव मिळे, आणि मग तो रयतेपासून मनास येईल तितके उकळी. अंबराने मक्ता बंद केला. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून त्यातील बेताचा वाटा सरकारचा ठरविला. पहिल्याने तो धान्यात घेतला, आणि काही वर्षांचा अनुभव पाहून रोकडीत ठरविला. वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे व देखरेख मुसलमान अंमलदारांकडे दिली. मोडकळीस आलेली गावची व्यवस्था पुन्हा उभी केली. ही मलिकंबरी पद्धत दक्षिणेत पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडी राहिली. ज्याला स्वतःचे गाव कधी मिळाले नाही, त्याने दुसऱ्यांची गावे बसविली.

येथवरचे चरित्र मुलांस सांगण्यास सुखाचे आहे. पुढील भाग सुखाचा नाही, परंतु तो गाळला तर चरित्र खोटे होईल.

मुर्तजा निजामशहाच्या जनान्यात अंबराच्या मुलीखेरीज एक वडील राणी होती. ती इराणी कुळातील गोरी स्त्री होती. उपर्युक्त डच व्यापारी १६१७ साली अंबराच्या छावणीत जाऊन त्यास भेटला होता. त्याने लिहून ठेविलेली हकीकत अशी की, एके दिवशी त्या राणीने अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले, तिला राजाची पत्नी न म्हणता केवळ ठेवलेली दासी म्हटले, आणि तिच्या बापाविषयीही वाईट शब्द काढिले. मुलीने हे बापास कळविले. अंबराने मुर्तजा व ती राणी ह्या दोघांस विष घालविले. हे सुमारे १६१० साली झाले. मग मुर्तजाच्या सुमारे ५ वर्षांच्या मुलास बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसविण्यात आले, आणि कारभार अंबराकडेच राहिला.

ह्या प्रसंगात राजकारणही असेल, कारण वयात येत चाललेला राजा कारभाऱ्यास अडचणीचा होतोच. परंतु तो डच मनुष्य ज्या गोष्टीस कारण मानितो, तिचा विचार करावा. अंबर मुक्त होऊन तेव्हा ३५ वर्षे झाली होती. त्याच्या हाती ५०,००० फौज होती. दिल्लीचा बादशहा त्याच्या नावाने दात खात होता. मुलगी तर गुलामगिरीत जन्मलीही नव्हती. असे असता एका स्त्रीच्या जिभेवर तो जुना शब्द तयार होता, आणि तो उच्चारल्याबरोबर मधली सर्व वर्षे जणू झालीच नाहीत. व्हायकिंगांनी मुक्त गुलामाची कमी किंमत कायद्यात लिहिली होती. दक्षिणेत ती कोठे लिहिलेली नव्हती, म्हणून कोणास खोडिताही येत नव्हती. ती लोकांच्या मनात होती.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांस ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगा शिकतो, शिक्षक होतो, पक्के घर बांधितो. आणि एखाद्या भांडणात, विहिरीवर अथवा बांधावर, आजोबाच्या वेळचा शब्द कोणी तरी बाहेर काढितो. त्या वेळी अंगात जो जाळ उठतो तो अंबराच्याही अंगात उठला होता. त्या दुःखात आम्ही त्याच्याबरोबर आहोत. पण त्याने जे केले त्यात आम्ही त्याच्याबरोबर नाही. अपमान खरा होता. त्याबद्दल दोघांचा जीव घेणे आणि एका लहान मुलास पोरके करणे हा न्याय नव्हता. विष घातल्याने मुलीच्या कुळावरचा शब्दही पुसला गेला नाही. तो आज चारशे वर्षांनी आपण वाचीतच आहोत.

हाच शब्द बादशहाच्याही तोंडी होता. अकबराचा पुत्र जहांगीर ह्याने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत अंबराचे नाव आले की त्याच्या रंगावरून व जन्मावरून शिव्या आल्याच. सुमारे १६१६ साली त्याने एक चित्र काढविले. त्यात स्वतः जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर रोविलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे असे दाखविले आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. जो रणात हाती येत नाही त्यास कागदावर मारून बादशहाने मनाचे समाधान केले. ते चित्र हल्ली आयर्लंडातील डब्लिन शहराच्या एका संग्रहालयात आहे.

रणात अंबर हरलाच नाही असे मात्र नव्हे. १६१६ साली जालन्याच्या बाजूस रोशनगाव येथे त्याचा मोठा पराभव झाला, आणि मोगलांनी खडकी लुटून जाळली. १६२१ साली शहाजादा खुर्रम, जो पुढे शहाजहान झाला, त्याच्या फौजेने ते शहर पुन्हा उद्ध्वस्त केले. अंबराने तह केले, मुलूख सोडिला, खंडणी कबूल केली, आणि मोगल फौजेची पाठ फिरताच पुन्हा उभा राहिला. १६२४ साली मोगल व आदिलशाही ह्यांच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या, तेव्हा अहमदनगराजवळच्या भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीभोवती चिखल केला, रात्री छापे घालून त्यांस हैराण केले, व शेवटी पुरा मोड केला. ह्या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम केला व त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. अंबराचे वय तेव्हा ७५ च्या पुढे होते. आणखी एक नवल असे की, ज्या खुर्रमाने खडकी उद्ध्वस्त केली होती, तोच बापाविरुद्ध बंड करून पळता पळता अंबराच्या आश्रयास आला, आणि अंबराने त्यास आश्रय दिला.

१६२६ सालच्या मे महिन्यात मलिक अंबर मरण पावला. त्याचे वय सुमारे ७८ वर्षांचे होते. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे व त्याच्या पत्नीचीही कबर तेथे जवळच आहे. तो मेल्यावर मोगल दरबारातील एका इतिहासकाराने, जो त्याच्या शत्रूंचा चाकर होता, त्याच्या युद्धकौशल्याची, कारभाराची व न्यायाची स्तुती केली, आणि दुसरा कोणी हबशी गुलाम एवढ्या योग्यतेस चढल्याचे इतिहासात नाही असे कबूल केले. ह्या स्तुतीतही गुलाम हा शब्द राहिलाच.

अंबराच्या मागे त्याचा मुलगा फत्तेखान कारभारी झाला. त्याने खडकीचे नाव फत्तेनगर ठेविले. परंतु बापाची बुद्धी त्याच्यात नव्हती. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती गेले, आणि १६३६ साली निजामशाही अगदी संपली. १६५३ साली दक्षिणेचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने शहरास औरंगाबाद हे नाव दिले. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली. अंबराच्या हातचा दरवाजा व भुयारी नहरीचे अवशेष मात्र अजून पाहावयास मिळतात.

आता एक गोष्ट राहिली, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. जो स्वतः विकला गेला होता, त्याने राज्य हाती आल्यावर माणसांची खरेदी-विक्री बंद केली काय? नाही. हबशी मुले बंदरांवर येतच राहिली, आणि त्याच्या फौजेचा कणा असलेले हबशी ह्याच वाटेने येत. चंगीजखानाने अंबरास विकत घेतले, अंबराच्या राज्यात इतर कोणी विकले गेले. एक मनुष्य शिडी चढून वर गेला, पण शिडी जेथे होती तेथेच राहिली, आणि खालच्या पायरीवर नवी माणसे आणून उभी करण्यात आली. ह्यासाठी आम्ही केवळ अंबरास दोष देत नाही. त्या काळी मोठमोठ्या शहाण्यांसही ही रीत वाईट दिसली नाही. पुढे पेशवाईतही कुणबिणी म्हणून स्त्रियांची विक्री चाले, आणि त्या विक्रीवर सरकार कर घेई.

हिंदुस्थानात गुलामगिरीस कायद्याने मान्यता न देण्याचा ठराव १८४३ साली झाला. समुद्रावरील व्यापार त्यानंतरही चोरून चालू होता. गुलामांच्या नावा पकडून त्यांतून सोडविलेली आफ्रिकेची मुले मुंबईस आणीत, आणि त्यांपैकी पुष्कळांस नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनच्या वसतिगृहात ठेवून अक्षरे व सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. त्यांतला याकोब वेनराइट हा तरुण डॉक्टर लिव्हिंगस्टन ह्याच्या शोधार्थ आफ्रिकेत गेला. लिव्हिंगस्टन १८७३ साली अरण्यात मेला, तेव्हा त्याच्या झाडावरील स्मरणलेख वेनराइटने कोरिला, आणि तो त्या प्रेताबरोबर इंग्लंडापर्यंत गेला. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफनाच्या वेळी हा नाशिकास शिकलेला मुक्त गुलाम शवपेटीस हात लावून चालला. अंबर ज्या समुद्रावरून आला त्याच समुद्रावरून हाही आला होता. दोघांत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ ती दुकाने उघडी होती.

मंडळीतील उपदेशकांस व शाळाशिक्षकांस आमची विनंती आहे की, अंबराची गोष्ट मुलांस सांगावी, आणि सगळी सांगावी. तो शूर होता, उद्योगी होता, त्याने तहानलेल्यास पाणी व नाडलेल्या रयतेस बेताचा सारा दिला, हे सांगावे. जन्म मनुष्याची योग्यता ठरवीत नाही ह्यास त्याच्याइतका मोठा साक्षी आमच्या मुलखात क्वचितच सापडेल, हेही सांगावे. पण त्याबरोबर हेही शिकवावे की, आपल्यापैकी एक जण वर चढला म्हणजे सर्वांची सुटका झाली असे होत नाही. ज्यास अपमान सोसावा लागला, त्यानेच आपल्या हाताखालच्या सालदारास, भांडी घासणाऱ्या बाईस, अथवा आपल्याहून हलक्या समजल्या गेलेल्या शेजाऱ्यास कसे वागविले, ह्यावरून त्याची सुटका खरी की अर्धी हे ओळखावे.

ह्यापुढे कोणी वाचक शहरात गेला तर त्याने घटकाभर भडकल दरवाजाजवळ थांबावे. तो बांधणाऱ्याचे मोल मोखाच्या बाजारात २० नाणी ठरले होते. ज्यांनी ते ठरविले त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.